टाच बरी होते आणि परत दुखते: नेमकं कुठं चुकतं?

दसरा उलटून आठवडा झाला की माझ्याकडे टाच धरून येणाऱ्यांची गर्दी वाढते. मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली 14 वर्षं हे बघते आहे. नऊ दिवस अनवाणी राहिलेल्या बायका येतात, एका रात्रीत घरापासून कोराडीच्या जगदंबेपर्यंत पायी गेलेली मंडळी येतात. नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा करून पचमढीहून परतलेल्यांचंही असंच. आणि यातले कितीतरी चेहरे मागच्या वर्षीचेच असतात. त्रिमूर्तीनगरच्या एक काकू तर लागोपाठ तिसऱ्या वर्षी आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा तेच होऊन राहिलं. सकाळी पायच टेकवल्या जात नाही. मागच्या वर्षी तर बरं झालं होतं ना!"

मागच्या वर्षी त्यांचं दुखणं थांबलं होतं, हे खरं. पाचव्या आठवड्यात दुखायचं थांबलं, सहाव्या आठवड्यात व्यायाम थांबला, आणि पुढचे दहा महिने टाचेकडे कुणी पाहिलं नाही. मग घट बसले. परत परत येणाऱ्या टाचदुखीची कहाणी बहुतेक वेळा एवढीच असते. म्हणून दुखणं कसं थांबवायचं हे सांगेनच, पण थांबल्यानंतर काय करायचं यावर मी जास्त लिहिणार आहे. लोक चुकतात ते तिथेच.

आधी खात्री करा, दुखणं हेच आहे ना

टाचेच्या खाली, आतल्या बाजूला, जिथं टाच संपून तळव्याची खोलगट कमान सुरू होते, तिथं हाताच्या अंगठ्यानं दाबून बघा. नेमकी तीच जागा दुखते का? आता दुसऱ्या हातानं पायाची बोटं नडगीकडे ओढून धरा आणि तीच जागा परत दाबा. पहिल्यापेक्षा जास्त कळ आली तर बहुधा आपण योग्य जागी आहोत. सोबत दिवसभरात दुखणं कसं कमी-जास्त होतं, ती चाल बघा. झोपून उठल्यावर पहिली पाच-दहा पावलं जीव घेतात, मग चालता चालता पाय मोकळा होतो. दुपारी जेवून तासभर बसलं की उठताना परत तीच कळ. दिवसभर उभं राहिलं तर संध्याकाळी ठणका. ही चाल जुळली तर याला डॉक्टर प्लांटर फॅसायटिस म्हणतात.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याची दोरी जशी धनुष्याला वाकलेलं ठेवते तसा हा पट्टा तळव्याची कमान धरून ठेवतो. पाऊल उचलताना बोटं मागे वळली की तो ताणला जातो, कमान वर उचलली जाते आणि पाय घट्ट होऊन अंगाचं वजन पुढे ढकलतो. दिवसभरात हजारो वेळा. रात्री झोपेत पावलं खाली झुकलेली राहतात, पट्टा सैल आणि आखूड होऊन पडून राहतो. सकाळी उठून आपण एकदम सगळं वजन त्याच्यावर टाकतो, तेव्हा टाचेकडचं दुखरं मूळ ओरडून उठतं.

दुखणं जुनं झालं की तिथं सूज फारशी उरत नाही. उरतात ते झिजलेले, जाड झालेले, कमकुवत तंतू. म्हणूनच सुजेवरच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि मूळ तसंच राहतं. या तंतूंना हळूहळू वाढणारं ओझं द्यावं लागतं, तेव्हाच ते परत मजबूत होतात. आराम दिल्यानं दुखणं निवतं, पण ताकद येत नाही.

चाल जुळत नसेल तर पुढचे व्यायाम करत बसू नका, कारण आजार दुसरा असू शकतो. टाचेच्या अगदी मधोमध, दगडावर आपटल्यासारखं दुखत असेल आणि चालल्यावर मोकळं न होता वाढत असेल, तर टाचेखालची चरबीची गादी दुखावलेली असते. तिथं मऊ तळाची चप्पल आणि टाचेखाली पॅड हाच मुख्य उपाय आहे. टाचेच्या मागे, पोटरीची जाड दोरी टाचेला जुळते तिथं दुखत असेल तर तो वेगळा विषय. रात्री अंथरुणात जळजळ, मुंग्या, आग होत असेल तर शीर दबली आहे का, साखर किती आहे, बी-12 किती आहे हे बघायला हवं. आणि टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की जोरात दुखत असेल, विशेषतः अचानक खूप चालणं झाल्यावर, किंवा वय जास्त असेल, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. त्यावर वजन टाकणं थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

भंडाऱ्याकडचा एक 26 वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. दोन्ही टाचा दुखत होत्या, दोन वर्षांत चार वेळा उपचार झाले होते. मी सहज विचारलं, सकाळी कंबर आखडते का? म्हणाला, "हो ना मॅडम, तासभर वाकल्या जात नाही. कामाले लागलो की मोकळी होते." तरुण वय, दोन्ही टाचा, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकणारा कंबरेचा आखडलेपणा आणि हालचालीनं मिळणारा आराम, हे सगळं एकत्र दिसलं की टाचेवर थांबायचं नाही. तो मणक्याच्या आणि सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो, आणि तो संधिवाततज्ज्ञांनीच बघायला हवा. त्याला मी त्याच दिवशी पाठवलं. त्वचेवर सोरायसिसचे चट्टे असतील किंवा डोळा वारंवार लाल होऊन दुखत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते टाचेशी जोडलेलं असू शकतं हे लोकांच्या ध्यानीमनी नसतं.

आपल्या भागातल्या आणखी दोन गोष्टी. 2024 च्या पावसाळ्यात नागपुरात चिकुनगुनियाची साथ होती. ताप गेल्यावरही कित्येकांचे घोटे, पावलं, मनगटं महिनोन्‌महिने दुखत राहिली. ताप येऊन गेला असेल आणि टाचेसोबत इतर सांधेही धरले असतील तर ही टाचेच्या पट्ट्याची तक्रार नाही. दुसरं म्हणजे सिकलसेल. विदर्भात या आजाराचं प्रमाण मोठं आहे, आणि त्यात हाडं दुखतात, खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. कमी वयाच्या मुलामुलींची हाडं वारंवार दुखत असतील तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारा. सरकारी दवाखान्यात ती होते. "वाढीचं दुखणं आहे" म्हणून सोडून देऊ नका.

8 ते 14 वर्षांचं खेळणारं मूल टाच दुखते म्हणत असेल तर बहुतेकदा टाचेच्या वाढत्या हाडावर पोटरीचा ताण पडलेला असतो. थोडे दिवस धावणं कमी केलं की बरं होतं.

"हाड वाढलंय" या एक्सरेचं काय करायचं

टाचेचा एक्सरे काढला की कितीतरी वेळा हाडाचं पुढे आलेलं टोक दिसतं. मग घरात सगळ्यांना सांगितलं जातं की टाचेचं हाड वाढलं, आता ते टोचतं, कापल्याशिवाय बरं होणार नाही. मला हा समज मनापासून खोडून काढायचा आहे, कारण या भीतीनं लोक चालणंच सोडतात. ज्यांची टाच आयुष्यात कधी दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्सरेत हेच टोक दिसतं. आणि ज्यांचं दुखणं पूर्ण थांबतं त्यांच्या पुढच्या एक्सरेत ते टोक तिथंच असतं. टोक तसंच राहून दुखणं गेलं, याचा अर्थ दुखवणारं ते नव्हतं. एक्सरे लागतो तो तडा किंवा दुसरा आजार नाही ना हे बघायला.

दुखणं परत कुठून शिरतं

हे शोधायला मी सगळ्यांना एकच काम देते. स्वयंपाकघरात लटकलेल्या कालनिर्णयवर रोज सकाळी, पहिली पाच पावलं टाकल्यावर, त्या दिवसाच्या चौकोनात एक आकडा लिहायचा. अजिबात न दुखणं म्हणजे 0, सहन न होणारं म्हणजे 10. सोबत आदल्या दिवशी काही वेगळं झालं असेल तर एक शब्द: लग्न, फरशी, बाजार, प्रवास. तीन आठवड्यांत चित्र स्वच्छ दिसायला लागतं, आणि ते दर घरात वेगळं असतं.

इतवारीत साडीच्या दुकानात काम करणाऱ्या एका दादांचा आकडा सोमवारी 3 आणि शनिवारी 7 असायचा. दुकानाला रविवारी सुट्टी. दुकानात पांढरी गादी अंथरलेली, चपला दाराशी काढायच्या, मग दहा तास अनवाणी: गादीवरून फरशीवर, फरशीवरून कपाटापर्यंत, वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला टाचा उचलून परत गादीवर. लग्नसराईत तर जेवायलाही बसणं नाही. त्यांनी आधी तीनदा उपचार घेतले होते आणि तिन्ही वेळा लग्नसराई आली की दुखणं परत. त्यांच्या पायात दोष नव्हता. दिवसाचे दहा तास त्या पायाला कसलाच आधार नव्हता. मी त्यांना सांगितलं, मालकांशी बोला. दुकानात घालायचे स्वच्छ, मऊ तळाचे वेगळे बूट ठेवू द्या म्हणा, ते रस्त्यावर कधीच घालणार नाही असा शब्द द्या. मालकांनी होकार दिला, इतकंच नाही तर गल्ल्यामागं एक स्टूलही आलं. शनिवारचा आकडा सहा आठवड्यांत 3 वर आला.

घरातलं चित्र जरा वेगळं असतं. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत. जुन्या घरांत मातीची, शेणानं सारवलेली जमीन असायची. आता सगळीकडे टाइल्स, कोटा, मार्बल. सकाळी सहाला उठून डबे, पोळ्या, भांडी, देवपूजा, म्हणजे तीन तास कडक फरशीवर अनवाणी, आणि तेही दुखऱ्या पट्ट्यावरच्या पहिल्या पावलांपासून. घरात घालायची वेगळी चप्पल घ्या, एमसीआरची (म्हणजे स्पंजसारख्या मऊ रबराची) किंवा तशीच मऊ तळाची, टाचेकडे किंचित उंच आणि कमानीला टेकू देणारी. ती बाथरूमच्या दाराशी ठेवून उपयोग नाही. पलंगाखाली ठेवा, म्हणजे पहिलं पाऊल चपलेत पडेल. देवघरात पाच मिनिटं अनवाणी उभं राहिल्यानं काही बिघडत नाही, ते विचारायचीही गरज नाही. ओट्यासमोर जाड रबरी पायपुसणं टाका. कणीक मळणं, भाजी निवडणं बसून करा. सपाट, पातळ रबरी स्लीपर मात्र चप्पल म्हणून मोजू नका.

बुटांचंही तेच. अंबाझरीला किंवा फुटाळ्याला पहाटे फिरायला येणाऱ्यांच्या पायांत मी पाच-पाच वर्षं जुने बूट बघते. वरून चकाचक, आत तळ दबून दगड झालेला. बूट टाचेकडे अंगठ्यानं दाबा, मऊपणा उरला नसेल तर बदला.

मग येतो अचानक वाढलेला भार. एक जानेवारीला ठरवून रोज पाच किलोमीटर, घराचं बांधकाम सुरू झालं म्हणून दिवसभर जिन्यात वर-खाली, मुलीच्या लग्नात चार दिवस नव्या सँडलमध्ये. वजन थोड्या महिन्यांत सहा-सात किलो वाढलं असेल तर तेही पायाला रोजचं ओझंच. ज्यांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं आहे त्यांना मी आधी सायकल किंवा पोहणं सुचवते, म्हणजे टाच न दुखवता सुरुवात होते.

ताकद आणणारा व्यायाम

सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानं बोटं नडगीकडे ओढा आणि 10 सेकंद धरा. तळव्यातला पट्टा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला दोरीसारखा ताठ लागला पाहिजे, तरच ताण बरोबर पडतो आहे. असं 10 वेळा. दिवसातून तीनदा करायचं, पण सकाळचं एकदाही चुकवायचं नाही. बराच वेळ बसल्यावर उठायच्या आधीही करा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण 30 सेकंद, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, तीन-तीन वेळा. पोटरी आखडलेली असेल तर टाचेच्या पट्ट्यावर जास्त ओढ बसते, म्हणून हे लागतं.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. एवढंच करून लोक थांबतात आणि दुखणं परत येतं. सुरुवातीच्या काही वर्षांत मीही एवढंच सांगायची. रुग्ण बरे होऊन जायचे, आणि वर्षभरानं परत दारात दिसले की मला वाईट वाटायचं. पुढचा भाग मी नंतर शिकले, आणि आता तो सांगितल्याशिवाय कुणाला घरी पाठवत नाही.

जिन्याची खालची पायरी घ्या. एक टॉवेल गुंडाळून पायरीच्या कडेला ठेवा आणि पायाची बोटं त्या गुंडाळीवर अशी ठेवा की ती वर वळलेली राहतील. तळव्याचा पुढचा भाग पायरीवर, टाच हवेत. कठड्याला हात. आता 3 सेकंद मोजत टाच वर न्या, 2 सेकंद वर थांबा, 3 सेकंद मोजत पायरीच्या पातळीखाली उतरवा. बोटं वळलेली असल्यामुळे तळव्यातला पट्टा ताणलेलाच राहतो, आणि पोटरीसोबत त्यालाही काम पडतं. टॉवेल न घेता केलं तर हे फक्त पोटरीचं होतं.

सुरुवात दोन्ही पायांवर. ते सोपं झालं की फक्त दुखऱ्या पायावर. 12 वेळा करून थोडं थांबायचं, असे तीन फेरे, आणि एक दिवसाआड. रोज नाही, कारण मधला दिवस तंतूंना सावरायला लागतो. साधारण दोन आठवड्यांनी पाठीला मुलांची शाळेची बॅग अडकवा, तिच्यात दोन-तीन जाड वह्या टाका, आणि 10 वेळांचे चार फेरे करा. आणखी दोन आठवड्यांनी बॅगेत तांदळाची पिशवी, आणि 8 वेळांचे पाच फेरे. शेवटची दोन-तीन उचलणी कष्टानं व्हायला हवीत. अगदी सहज होत असतील तर वजन कमी आहे. हे पूर्ण 12 आठवडे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुखणं निम्म्यावर येतं आणि नेमकं तेव्हाच कुणाला वेळ नसतो, कुणाला आता गरज वाटत नाही. मी तर म्हणते, खरा उपचार त्या दिवशी सुरू होतो.

"मॅडम, करताना दुखते ना, मग करू का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. व्यायाम करताना दुखणं 10 पैकी 4 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळचा कालनिर्णयवरचा आकडा वाढता कामा नये. वाढला तर पुढच्या खेपेला एक फेरा कमी करा, व्यायाम सोडू नका. दोन आठवडे लागोपाठ आकडा चढत राहिला तर मात्र निदान परत तपासून घ्या.

कोराडीला जायचंच असेल तर

नवस आहे, नेम आहे, घरात परंपरा आहे, तो मी कुणाला मोडायला सांगत नाही. फक्त पायाला आधी तयार करा. वटपौर्णिमेला सुरुवात केली तर घटस्थापनेपर्यंत जवळपास 15 आठवडे मिळतात, आषाढी एकादशीला केली तर 11. पहिल्या आठवड्यात सलग 20 मिनिटं चालून सकाळचा आकडा वाढत नाही हे बघा, मग दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवा. दहाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदाच लांब चाल ठेवा, आणि यात्रेच्या दोन आठवडे आधी एकदा आठ-दहा किलोमीटर. शहरातून कोराडी साधारण 15 किलोमीटर आहे, रात्रीची वाट आहे, रस्ता कडक आहे. चालताना बूट घाला आणि मंदिराच्या दाराशी काढा.

ज्यांना नऊ दिवस अनवाणी राहायचंच आहे त्यांनी आधीच्या दोन महिन्यांत बागेतल्या गवतावर किंवा मातीच्या वाटेवर रोज पाच मिनिटांपासून अनवाणी चालायची सवय करावी. त्या नऊ दिवसांत दुपारी पाय वर करून झोपावं आणि पायरीचा व्यायाम दोनदाच करावा. मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर अनवाणी मुळीच नको, नवरात्रातही नाही आणि मे महिन्यात तर मुळीच नाही. नागपूरच्या उन्हात तापलेल्या फरशीनं तळवे भाजतात आणि माणसाला रात्री मोजे काढताना कळतं. अशी जखम मी बघितली आहे, ती भरायला तीन महिने लागले.

शेक, इंजेक्शन आणि युरिक ॲसिड

पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तिच्यावर तळवा दहा मिनिटं फिरवल्यानं संध्याकाळी आराम पडतो. जरूर करा, पण तो त्या संध्याकाळपुरता आराम आहे. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवणंही तसंच. जाणीव कमी असलेल्या मधुमेहींनी यातलं काहीच करू नये, ना गरम ना बर्फ.

टाचेतलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे चांगला आराम देतं. ज्यांना दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नाही त्यांना डॉक्टर ते देतात, आणि तेव्हा ते उपयोगी पडतं. अडचण अशी की दुखणं एकदम गेल्यावर माणूस दुसऱ्याच दिवशी पूर्ण कामाला लागतो, व्यायाम करत नाही, आणि तीन महिन्यांनी परत इंजेक्शन मागतो. परत परत घेतल्यानं टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते आणि तो पट्टा तुटूही शकतो. चालताना टाचेत अचानक कट्‌ झालं, तळव्यावर निळं-काळं आलं, तर तो तुटलेला असू शकतो, लगेच दाखवा. इंजेक्शन घेतलंच तर पुढचे दोन आठवडे धावणं आणि फार उभं राहणं टाळा, आणि त्या मोकळ्या काळात पायरीचा व्यायाम दोन पायांवर सुरू करा.

युरिक ॲसिडबद्दल एवढंच सांगते. रक्तात ते थोडं जास्त निघालं म्हणून कित्येक घरांतून तुरीचं वरण बंद झालं आहे, आणि टाच मात्र तशीच दुखते आहे. युरिक ॲसिडचा झटका बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात येतो, तो सांधा लाल, गरम, टम्म होतो, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. सकाळच्या पहिल्या पावलांना दुखून मग मोकळी होणारी टाच तशी नसते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वरण सोडू नका.

ताप, विनाकारण घटणारं वजन, झोपेतून जागं करणारं सततचं दुखणं, लाल गरम टाच, पडल्यानंतर पाय टेकताच न येणं, पावलात बधिरपणा किंवा पाऊल उचलताच न येणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तीन महिने खरोखर, एक दिवसाआड, वजन वाढवत केलं आणि तरीही फरक नसेल तर सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी बघता येते, शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्रानं बाहेरून ध्वनिलहरींचे झटके देण्याचा उपचार आहे, रात्री पाऊल सरळ धरणारी पट्टी आहे. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

त्रिमूर्तीनगरच्या काकूंनी पुढच्या वर्षी वटपौर्णिमेला वडाला फेरे मारून आल्यावर संध्याकाळी पायरी धरली. मधे नातवाच्या बारशाला दोन आठवडे गेल्या तेव्हा खंड पडला. परत आल्यावर सोडलं तिथून न उचलता मी त्यांना एक टप्पा मागे, बॅगेशिवाय सुरू करायला लावलं. कोराडीला बूट घालून गेल्या, येताना बसनं आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा 3 होता, कोजागिरीपर्यंत 0. दिवाळीनंतर एकदा भेटायला आल्या तेव्हा विचारलं, "मॅडम, आता हे पायरीचं कधीपर्यंत करू?" मी म्हटलं, "काकू, आठवड्यातून दोनदा, बॅगेसकट, आणि बंद नाही करायचं." त्यांनी जानेवारीत नवं कालनिर्णय भिंतीला लावलं आणि त्यातल्या सगळ्या मंगळवार-शनिवारच्या चौकोनांत आधीच पेन्सिलनं एक छोटी पायरी काढून ठेवली.